गाठ कुठनं आली

नागपंचमीला अक्का माहेरी गडहिंग्लजला आली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कर्नाटकाच्या सीमेकडच्या आमच्या लिंगायत घरांत थोरल्या बहिणीला अक्का, आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा म्हणतात. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि सणासाठी एस.टी.नं घरी आले होते. परसात गल्लीतल्या बायका फुगड्या घालत होत्या. अक्का एका वहिनीचे हात धरून फिरत होती, आणि मध्येच थांबली.

"मिरची कुणी जाळली गं?" ती म्हणाली.

कुणीच जाळली नव्हती. अप्पांचा लाल मिरचीचा व्यापार होता. खाली दुकान आणि गोदाम, वर आम्ही. आमच्या घरात विस्तवावर एक मिरची पडली तरी अख्खी गल्ली ठसकायची. त्या दुपारी कुणीही ठसकलं नाही. अक्का भिंतीकडं बघत राहिली. तोंडात काहीतरी चघळत असल्यासारखे तिचे ओठ हलत होते, पण तोंडात काही नव्हतं. मी तिला हलवलं तर तिनं माझ्याकडं पाहिलं, पण मी तिला दिसले नाही, एवढं मला नक्की कळलं. मग ती एकदम भानावर आली आणि म्हणाली, "काय झालं? थांबलासा का गं समद्या?"

अव्वानं संध्याकाळी तिची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. आमच्यात असं मानतात की मिरच्या जळूनही ठसका आला नाही तर दृष्ट लागली आहे. त्या दिवशी सगळ्यांना असा ठसका लागला की अप्पा गोदामातून वर आले. अव्वा डोळे पुसत समाधानानं म्हणाली, "दिष्ट न्हाय बघ. उपाशी फुगड्या घालतीस, त्येनं भोवळ आली."

अक्काही खोकत होती. ती मला हळूच म्हणाली, "ह्यो वास न्हवं गं. त्यो येगळा हुता."

सासरी कोडोलीला गेल्यावर तिला तो वास आणखी कितीदा आला, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिची मुलगी तेव्हा बालवाडीत जायची. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, उसाची शेती बघायचे आणि गावातलं दूध संकलन केंद्र चालवायचे. संध्याकाळच्या दुधाला रांगेतल्या कासंड्या मोजून घेताना एक दिवस अक्का तिथंच कोसळली. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. दाजींनी दुधाच्या टेम्पोतच तिला कोल्हापूरला आणलं आणि माझ्या वसतिगृहाच्या शेजारच्या एस.टी.डी. बूथवर निरोप ठेवला.

स्कॅनची फिल्म डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या कानाच्या वरच्या बाजूला एक पांढुरका डाग होता. त्यांनी पेनाच्या टोपणानं त्याच्या कडेनं एक गोल फिरवला. म्हणाले, "ही गाठ. वास, ते चघळणं, झटका, सगळं हिच्यामुळं."

दाजी म्हणाले, "डोक्याला मार तर कधी लागला न्हाय."

"माराचा संबंध नाही."

"मग कशानं झाली?"

"ते कुणालाच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मिरजेच्या मेंदूच्या सर्जनसाठी चिठ्ठी लिहू लागले.

मिरजेला ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी अक्काचे केस काढायला न्हावी आला. त्यानं अव्वाला विचारलं, वेणी जपून ठेवायची का. अव्वानं मानेनंच नको म्हटलं आणि वऱ्हांड्यात निघून गेली. अक्का मात्र आरशात बघून हसली. म्हणाली, "आता मी अप्पांसारखी दिसतो बघ." आमच्याकडं बायकाही बोलताना 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात. कोल्हापुरात शिकायला आल्यावर माझं ते बोलणं हळूहळू बदललं. अक्काचं कधीच बदललं नाही.

ऑपरेशन संपल्यावर सर्जन बाहेर आले. उंच, थकलेले, चष्म्याचा डाग अजून नाकावर होता. म्हणाले, "दिसत होतं तेवढं सगळं काढलंय."

अव्वाला मराठी कळायचं, पण घाबरली की ती कन्नडमध्येच बोलायची. तिनं मला विचारलं, मी त्यांना सांगितलं, "आई विचारतेय, न दिसणारं काय राहिलंय?"

सर्जननी चष्मा परत घातला. "राहिलं असणार. म्हणूनच शेक द्यायचे, रेडिएशनचे. पेशी बारीक असतात, चांगल्या मेंदूत शिरून बसतात. मेंदू किती कापायचा याला मर्यादा आहे. जास्त कापलं तर बोलणं जाईल."

रिपोर्टमध्ये त्या गाठीचं लांबलचक नाव होतं. मी ते कॉलेजच्या ग्रंथालयात शोधलं. मेंदूत विचार वाहून नेणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. या सांभाळणाऱ्यांपैकी काहींचा आकार चांदणीसारखा असतो. गाठ त्या चांदण्यांची होती. आमच्या पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं की माणूस मोठा झाल्यावर मेंदूत नवीन पेशी तयार होत नाहीत. मी प्राध्यापकांना विचारलं, मग ही गाठ कशी वाढली? ते म्हणाले, "विचाराच्या पेशी वाढत नाहीत. या सांभाळणाऱ्या वाढू शकतात. त्यातली एखादी बिघडते." का बिघडते, हे मी विचारलं नाही. तोपर्यंत मला कळलं होतं की त्याचं उत्तर नाही.

शेक झाले. अक्काच्या कपाळाची कड काळवंडली, केस जिथं शेक लागले तिथं पुन्हा आलेच नाहीत. तिथं ती पदर ओढून घ्यायची. पण ती कोडोलीला गेली, पुन्हा भाकऱ्या करू लागली, दुधाच्या केंद्रावर बसू लागली. लोकांनी तिचं कौतुक केलं. मी मात्र त्या काळात एकही दिवस निर्धास्त नव्हते. डॉक्टरांनी एकदा सहज सांगितलं होतं की गाठ परत आली तर पहिल्यांदा बोलण्यात कळेल, शब्द सापडायचे नाहीत. झालं. त्यानंतर अक्का बोलायला लागली की मी अर्थ ऐकायचं सोडून शब्द ऐकायची. ती म्हणायची, "ते हे आण गं, ते..." आणि मी मनातल्या मनात आकडे मोजायची. मग ती म्हणायची, "उलथनं," आणि मला हायसं वाटायचं. पण 'ते हे' तर सगळेच म्हणतात. अव्वा म्हणायची, अप्पा म्हणायचे, मीही म्हणायची. मी स्वतःचेही अडखळलेले शब्द टिपायला लागले. फोनवर दाजींना विचारायची, "बोलती का नीट?" ते वैतागून म्हणायचे, "बोलती की. लय बोलती. तूच येऊन ऐक."

दीडएक वर्ष असं गेलं. मग एक दिवस अक्कानं तिच्या मुलीला माझ्या नावानं हाक मारली. मुलीनं ओ दिली नाही, म्हणून अक्का चिडली. पुन्हा त्याच नावानं हाक मारली. आधी घरात सगळे हसले. आठवडाभरात ती दुधाला 'पाणी' आणि पाण्याला 'ते पांढरं' म्हणू लागली.

दुसऱ्या स्कॅनमध्ये डाग तिथंच होता. जिथनं काढला होता त्या पोकळीच्या कडेलाच, आधीपेक्षा मोठा. आम्ही परत मिरजेला गेलो. दाजी सर्जनसमोर उभे राहिले. त्यांचा आवाज मुळातच मोठा, शेतातला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सगळं काढलतं की."

"दिसत होतं तेवढं काढलं होतं."

"शेकबी दिलं. समदं दिलं, एकबी चुकवला न्हाय. मग ह्ये कुठनं आलं?"

"राहिलेल्यातून."

"शेकानं ते मेलं न्हाय?"

"बरंच मेलं. काही मरत नाही."

दाजींनी टेबलावरची फिल्म उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "म्हंजे हरळीगत. वर कितीबी खुरपा."

"तसंच काहीसं," सर्जन म्हणाले. ते चिडले नाहीत. दाजींना त्यांनी खुर्ची दिली, पण दाजी बसले नाहीत.

या वेळी ऑपरेशन न करायचं ठरलं. ठरवलं अक्कानंच. तिला तेव्हा थोडेच शब्द सापडत होते, पण डोक्याकडं बोट दाखवून तिनं हात आडवा हलवला आणि म्हणाली, "घरी." उसाचा हंगाम चालू असताना, एका दुपारी, कोडोलीच्या घराच्या पुढच्या सोप्यात ती गेली. आदल्या दिवशी तिनं माझा हात धरून ठेवला होता. मी कोण, हे तिला माहीत होतं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही.

आमच्यात दहन करत नाहीत. माणसाला बसतं करून माती देतात. अक्काला अंगणात बसवून, भस्म लावून, हार घातले होते. तिची मुलगी माझ्या कडेवर होती. तिनं माझ्या कानात विचारलं, "आई बसली हाय की. मग रडतायसा का?"

मी तिला घेऊन मागच्या गोठ्याकडं गेले आणि म्हशींना चारा टाकत राहिले. तीही दोन हातांनी टाकत राहिली.

वर्ष उलटल्यावर माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. गारगोटीकडचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, माणसं बोलायला साधी. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या चुलत्यानं अप्पांना विचारलं, "थोरलीला काय झालतं म्हणं?"

अप्पा म्हणाले, "डोक्यात गाठ झालती."

"घराण्यात हाय का तसलं?"

"न्हाय. कुणालाच न्हाय."

"तसं न्हवं पावणं, राग मानू नका. उद्या लेकराबाळांचा प्रश्न असतो. कुठनं आली ती गाठ, काय सांगितलं डॉक्टरनं?"

अप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी जीवशास्त्र शिकत होते ना. मी आतल्या दारात ट्रे धरून उभी होते. मी म्हणाले, "नक्की माहीत नाही." खरं तेच होतं. स्थळाकडून पुढं निरोप आला नाही. मला त्या मुलाचं वाईट वाटलं नाही, पण तो प्रश्न माझ्या अंगाला चिकटून बसला. अक्का आणि मी एकाच आईबापाच्या. तिच्या डोक्यात जे बिघडलं ते माझ्या डोक्यात असेल का? आणि त्या लहान मुलीच्या? त्यानंतर आणखी दोन-तीन स्थळं आली, तोच प्रश्न आला. मग मी एम.एस्सी. केलं, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात नोकरी लागली, आणि लग्नाचा विषय घरात हळूहळू निघेनासा झाला.

दाजींनी पुढं दुसरं लग्न केलं. बाई चांगली होती, पण भाची आमच्याकडंच वाढली. आधी गडहिंग्लजला अव्वाजवळ, आणि दहावीनंतर कोल्हापुरात माझ्याकडं. राजारामपुरीत माझं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. ती अक्कासारखी दिसायची नाही. दाजींवर गेली होती, रुंद कपाळाची. बोलायची मात्र हुबेहूब अक्कासारखी. "मावशी, मी क्लासला जातो," म्हणून जिना उतरायची, आणि मी पोळपाटाशी थांबून शेवटच्या पायरीपर्यंत तिचा आवाज ऐकायची.

तोपर्यंत कॉलेजात इंटरनेट आलं होतं. तास नसेल तेव्हा मी मेंदूच्या गाठींवर नवीन काय छापून येतंय ते वाचत बसायची. पाठ्यपुस्तकातलं ते वाक्य खोटं ठरलं होतं. मोठ्या माणसाच्या मेंदूतही, आतल्या पोकळ्यांच्या कडेला, काही मूळपेशी असतात आणि त्या नव्या पेशी घडवू शकतात. आणि आता लोक म्हणत होते की गाठीतही तशाच थोड्या पेशी असतात. बाकीची गाठ नुसती वाढलेली गर्दी. गाठ नव्यानं उभी करण्याची ताकद त्या थोडक्या पेशींतच. सगळ्यांना हे पटलेलं नव्हतं, पण मला वाचताना मिरजेचे ते सर्जन दिसत होते. काही मरत नाही, असं ते म्हणाले होते. का मरत नाही, ते त्यांनाही त्या वेळी माहीत नसणार.

त्याच सुमारास विद्यापीठात एक व्याख्यान झालं. बाहेरगावाहून एक संशोधक बाई आल्या होत्या, माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवल्या होत्या, आणि त्या द्रवात तरंगणारे बारीक बारीक गोळे झाल्या होत्या. साबुदाण्यासारखे दिसत होते. समोरचे विद्यार्थी लिहून घेत होते. मला त्या गोळ्यांकडं बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. असलंच काहीतरी अक्काच्या डोक्यात होतं, आणि मी ते पहिल्यांदा बघत होते.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. माझी बहीण याच गाठीनं गेली, असं सरळ सांगितलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

मी विचारलं, "ऑपरेशननंतर याच पेशी राहिल्या असतील?"

"शक्य आहे. शेकालाही त्या दाद देत नाहीत, असं दिसायला लागलंय."

"या येतात कुठून मुळात?"

"दोन मतं आहेत," त्या म्हणाल्या. "एक असं, की मेंदूतली चांगली मूळपेशीच बिघडते. तिला वाढायचं माहीतच असतं, थांबायचं विसरते. दुसरं असं, की पूर्ण वाढ झालेली पेशी बिघडते आणि मागं जाते, परत मूळपेशीसारखी वागायला लागते. दोन्हीला पुरावे आहेत. कदाचित प्रत्येक गाठीचं वेगळं असेल. आम्हाला अजून माहीत नाही."

मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "घराण्यात येतं का?"

"बहुतेक वेळा नाही. काही मोजक्या घराण्यांत येतं, पण तिथं एकाला होऊन थांबत नाही, लहान वयात अनेकांना वेगवेगळे कॅन्सर होतात. तुमच्याकडं आणखी कुणाला?"

"नाही."

"मग फार काळजी करू नका."

'फार' हा शब्द मी घरापर्यंत नेला. स्कूटीवरून येताना तोच डोक्यात होता. त्यांनी 'काळजी करू नका' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

त्या उन्हाळ्यात भाचीचं डोकं दुखायला लागलं. बारावीची परीक्षा झाली होती, म्हणजे अभ्यासाचं कारण संपलं होतं. ती डोक्याला ओढणी घट्ट बांधून अंधार करून पडायची. एक दिवस सकाळी ओकारी झाली. मी तिला काही जाणवू दिलं नाही असं मला वाटत होतं. "काल काय खाल्लंस?" एवढंच विचारलं. पण दिवसभर तिला काहीबाही बोलायला लावत होते, हे काय, ते काय, ह्याला काय म्हणतात. हातातलं उलथनं दाखवून विचारलं तेव्हा ती चिडून म्हणाली, "उलथनं. आणि तुला मावशी म्हणत्यात."

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी कपडे वाळत घालत होते. आतून तिनं हाक मारली, "मावशी, मिरची जळल्यागत वास यायलाय."

माझ्या हातातली चादर खाली पडली. अक्काचा वास तिला कधी कुणी सांगितला नव्हता. मी आत धावले. ती खाटेवर उठून बसली होती. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, ओठ हलतात का ते पाहिलं, डोळे माझ्याकडं बघतात का ते पाहिलं. आणि मला ठसका लागला. पाठोपाठ तिला. मग खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं, समोरच्या गॅलरीत कुणीतरी खोकलं. खालच्या काकूंनी वर्षाच्या कांदालसूण चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या होत्या आणि कढई करपवली होती. मी भाचीला मिठीत घेऊन खोकत होते, रडत होते, हसत होते. तिला काही कळेना. "अगं सोड की, जीव गुदमरायलाय," ती म्हणाली.

पण डोकेदुखी खरी होती. मी तिला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, अर्धशिशी वाटतेय. मी अक्काचं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या समाधानासाठी एम.आर.आय. करू.

स्कॅन सेंटरच्या बाहेरच्या बाकावर मी बसले होते. आतून ठकठक, घरघर असा आवाज येत होता. शेजारी गावाकडचे एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, "बाई, कोण हाय आत?"

"भाची," मी म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "मुलगीच."

"माझी मालकीण हाय," ते म्हणाले. मग दोघंही आवाज ऐकत राहिलो. मला त्या वेळी सगळं पाठ होतं, कुठल्या पेशी कुठं असतात, कशा बिघडू शकतात, दोन मतं कोणती. त्यातलं काहीही त्या बाकावर कामाला येत नव्हतं. उलट, कमी माहीत असतं तर एकाच गोष्टीला भ्याले असते, असं वाटत होतं.

फिल्म स्वच्छ होती. डॉक्टरांनी ती दिव्यावर लावून दाखवली. दोन्ही बाजू सारख्या. मी डाव्या कानाच्या वरची जागा पुन्हा पुन्हा बघत होते. "काही नाही," ते म्हणाले. "अर्धशिशीच आहे. गोळ्या देतो, झोप वेळेवर, उपाशी राहायचं नाही."

मी विचारलं, "दर वर्षी एकदा स्कॅन केला तर?"

ते काही बोलायच्या आत भाचीच म्हणाली, "न्हाय."

बाहेर आल्यावर ती चालत पुढं गेली. मी स्कूटीची किल्ली शोधत होते. ती वळून म्हणाली, "मावशी, तू मला शब्द विचारतीस न्हवं, ते कशाला विचारतीस मला ठाव हाय. अव्वानं सांगितलंय."

मी किल्ली शोधायची थांबले.

"मी लहान हुतो तवापास्नं विचारतीस. मी बोलाय लागलो की तू माझ्याकडं बघतीस, पर मी काय सांगतो ते ऐकत न्हाईस. आजबी मी काय म्हणत हुतो तुला म्हाईत न्हाय. सांग बघू."

मला खरंच माहीत नव्हतं. येताना स्कूटीवर मागं बसून ती बराच वेळ काहीतरी सांगत होती, आणि मी फक्त ती नीट सांगतेय का ते बघत होते.

"सांग परत," मी म्हणाले.

"भूक लागलीया. आधी खायला घाल."

आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलो. ती वडा-कट मागवून एकाग्रपणे खात होती, दोन दिवस उपाशी असल्यासारखी. मग तिनं परत सांगितलं. तिला विज्ञान नको होतं. आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घालायचं माझ्या मनात होतं, ते तिला नको होतं. तिला हिशेबाचं शिकायचं होतं, कॉमर्स. "पेशी, गाठी मला बघायच्या न्हाईत. तू बघ की, तुला बघायच्यात तर."

मी बरं म्हणाले. तिला वाटलं होतं मी वाद घालीन. मग पाणी पिऊन ती म्हणाली, "आणि गाठ कुठनं आली, कशी आली, ते सगळ्यांनी मला सांगितलंय. अव्वा सांगती, बाबा सांगत्यात, तू तर लय सांगतीस. आई कशी हुती ते कुणीच सांगत न्हाय."

"कशी म्हणजे?"

"म्हंजे आजारी न्हवती तवा."

मला लगेच काही आठवेना. अक्का म्हटलं की मला फुगडी घालताना थांबलेली अक्का दिसायची, कापलेल्या केसांची, दुधाला पाणी म्हणणारी. त्याच्या मागं जायला वेळ लागला. भाची वाट बघत होती. वेटर येऊन बश्या उचलून गेला.

"पोहायची," मी शेवटी म्हणाले. "हिरण्यकेशीत. उन्हाळ्यात पाणी कमी असायचं, पण तरी अप्पा नको म्हणायचे. ती ऐकायची नाही. मला पाठीला भोपळे बांधून तिनंच शिकवलं. एकदा भोपळा सुटला आणि मी खाली गेले, तर तिनं माझ्या वेणीला धरून वर ओढलं, आणि वर आल्यावर आधी एक थोबाडीत दिली."

"थोबाडीत का?"

"घाबरली होती म्हणून."

भाची हसली. "मग?"

"मग म्हणाली, घरी सांगितलंस तर परत बुडवीन."

"सांगितलंस?"

"नाही."

"आणिक सांग," ती म्हणाली, आणि दोन चहा मागवले.